चिऱ्याच्या ट्रॉलीला हायड्रॉलिक ब्रेकचा संच : आधी पंप बघा

जांभ्याच्या खाणीवरून भरलेली ट्रॉली उतरणीला लागली की एकट्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचा ब्रेक पुरत नाही. मागचा भार ट्रॅक्टरला ढकलतो आणि वळणावर ट्रॉली आडवी होते. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक देणारा हा संच त्यामुळे फार मोलाचा आहे. पण तो सरसकट सगळ्या ट्रॅक्टरांना चालत नाही.

संचात ब्रेक व्हॉल्व्ह, लोखंडी पाइप, होज, कपलिंगची जोडी आणि दोन सिलिंडर येतात. ट्रॉलीच्या ॲक्सलला ड्रम आणि ब्रेक शू आधीच हवेत. ब्रेकचं पेडल दाबलं की व्हॉल्व्ह ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पंपाचं ऑईल दाबाने सिलिंडरकडे पाठवतो, पाय जितका जोरात तितका दाब जास्त. पाय उचलला की ऑईल टाकीत परत जातं आणि स्प्रिंग शू मागे ओढते.

म्हणजे पंप थांबला की ट्रॉलीचा ब्रेक गेला. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणं तर सोडाच, काही जुन्या ट्रॅक्टरांत पंप गिअर केसिंगच्या आत असतो आणि क्लच पूर्ण दाबला की तोही थांबतो. अशा ट्रॅक्टरसाठी हा संच घेऊच नका. इंजिनवरून थेट फिरणारा पंप असेल तरच पैसे घाला.

बसवताना व्हॉल्व्ह पंप आणि लिफ्ट यांच्या मध्ये येतो. व्हॉल्व्हवर अक्षरांनी खुणा केलेली चार तोंडं असतात: पी पंपाला, एन लिफ्टला, बी ट्रॉलीला, टी टाकीला. टीची लाइन मोकळी, थेट टाकीत जायला हवी. तिथे अडथळा राहिला तर पाय काढल्यावरही लाइनीत दाब उरतो, शू घासत राहतात आणि ड्रम तापतात. जोडणी नीट आहे की नाही ते दाब मोजणाऱ्या गेजवर कळतं: पेडल मोकळं असताना काटा शून्यावर, पूर्ण दाबल्यावर संचावर लिहिलेल्या कमाल दाबापाशी, सहसा १५० बारच्या आत. सिलिंडर पूर्ण जोर लावत असताना शू फाकवणाऱ्या कॅमच्या लिव्हरशी काटकोनात असावा, नाहीतर जोर वाया जातो. शेवटी सिलिंडरच्या नटातून हवा काढायची, बुडबुडे थांबेपर्यंत. तांब्याचे वॉशर दर वेळी नवेच. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकची दोन्ही पेडलं खिळीने जोडलेली असली पाहिजेत.

या लाइनीत ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑईलच राहतं. कुणी गाडीचं ब्रेक ऑईल ओतलं तर सिलिंडरचे रबरी सील फुगून खराब होतात.

संचाची कमजोर बाजू म्हणजे लोखंडी पाइप. खाऱ्या हवेत क्लॅम्पच्या खाली गंज आधी धरतो आणि वरून दिसत नाही. पावसाळ्यापूर्वी क्लॅम्प सोडून बघा, ग्रीस लावा. चिखलणीला ट्रॅक्टर नेताना कपलिंगवर टोपी घाला. मातीचा कण आत गेला तर व्हॉल्व्ह अडकतो.

एकाच होजवर चालणाऱ्या या ब्रेकला ट्रॉली सुटली तर काहीही करता येत नाही. साखळी आणि ट्रॉलीचा हँडब्रेक वेगळे घ्यावे लागतील.