शातो लेओविल बार्टन १९९६: ठेवू नका, आता उघडाच

फ्रान्समधल्या बोर्डोच्या जुन्या रेड वाइनवर एवढे पैसे घालावेत का, असं इथले आपले मराठी मित्र-मैत्रिणी नेहमी विचारतात. माझं उत्तर हो, पण नुसतं मोठं नाव बघून नाही, वर्ष आणि बाटलीची तब्येत बघून. आणि आयुष्यात एकच म्हातारी रेड प्यायची असेल तर मी ही सांगेन, लेओविल बार्टन १९९६. पॅरिसमध्ये दीडशे युरोच्या आसपास मिळाली. स्वस्त नाहीच, पण त्याच वर्षाच्या शातो लाफीत किंवा शातो लातूर ह्या बोर्डोच्या बड्या वाइनच्या किमती बघा मग कळेल मी काय म्हणतेय ते.

थोडं घराण्याबद्दल, कारण ते मला मनापासून आवडतं. गाव सेंट ज्युलियन, बोर्डोच्या मेडॉक भागात, जिरोंद खाडीच्या डाव्या काठावर. बार्टन मूळचे आयर्लंडचे, थॉमस बार्टन १७२२ च्या सुमारास बोर्डोला आला आणि वाइनचा व्यापार सुरू केला, पुढे ह्यू बार्टनने १८२१ मध्ये लांगोआ नावाची इस्टेट घेतली आणि १८२६ मध्ये जुन्या लेओविल इस्टेटचा एक तुकडा. म्हणजे दोनशे वर्षं एकाच कुटुंबाकडे, बोर्डोत ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. लेओविल बार्टनला स्वतःचं शातो, म्हणजे इस्टेटीवरचा वाडा, नाहीये, वाइन बनते शेजारच्या लांगोआमध्ये. १८५५ च्या बोर्डो वाइनच्या वर्गवारीत हे दुसऱ्या दर्जाला आणि लांगोआ तिसऱ्याला. ही इस्टेट अनेक वर्षं चालवणारे अँथनी बार्टन २०२२ मध्ये गेले. सगळे भाव चढवत होते तेव्हाही त्यांनी आपले दर माणसात ठेवले आणि त्यासाठी वाइनवाले लोक अजून त्यांचं नाव आदराने घेतात, मी पण घेते.

आता १९९६ च का? त्या सप्टेंबरात पाऊस पडला, मर्लो जातीच्या द्राक्षांना त्याचा फटका बसला, पण कॅबर्ने सोव्हिन्यों ही दुसरी जात उशिरा पिकते, तिला नंतर कोरडी हवा मिळाली आणि ती मस्त तयार झाली. लेओविल बार्टनमध्ये भरणा कॅबर्नेचाच असतो, त्यामुळे हे वर्ष त्यांना पावलं. तरुणपणी ही वाइन कडक होती म्हणतात आणि ते पटतं, कारण त्या कडकपणाचा सांगाडा अजून जाणवतो.

उघडायच्या आधी बाटली दोन दिवस उभी ठेवा, हे टाळू नका. एवढ्या वर्षांत टॅनिन (द्राक्षातला तुरट पदार्थ) आणि रंगाचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात, तोच गाळ. तो ग्लासात आला तर तोंडात कडवट चोथा येतो आणि सगळी मजा जाते. बूच जुनं असतं, साधा स्क्रू घातला तर भुगा होऊ शकतो, म्हणून दोन पात्यांचा ओपनर बाजूने हळूहळू सरकवत घातला आणि पिळत पिळत काढलं, अख्खं आलं, खालचा अर्धा भाग काळपट ओला आणि वरचा कोरडा, म्हणजे बाटली नीट ठेवलेली होती. मग मोबाइलचा टॉर्च मानेखाली धरून एका धारेत डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतली, गाळाची काळी रेघ मानेजवळ आली की थांबले. तासन् तास डिकँट करून ठेवायचं नाही हं, ते तरुण वाइनसाठी, म्हातारी दमते. अर्धा तास पुरला. तापमान सतरा-अठरा डिग्री, त्याहून गरम नको.

रंग मधे अजून गडद लाल, कडेला विटकरी. पहिला वास थोडा बंद बंद, ओलसर तळघरासारखा, त्याने घाबरू नका. दहा मिनिटांत तो गेला आणि मग आलं ते खरं सेंट ज्युलियन: नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचं लाकूड, तंबाखूचं पान, जुनं चामडं आणि त्याखाली काळं करंट (बोरासारखं छोटं आंबटगोड फळ) अजून जिवंत, वाळलेलं नाही. नंतर नंतर पावसाळ्यातल्या रानाचा, पालापाचोळ्याचा, मशरूमचा वास. प्रत्येक वेळी ग्लास नाकाशी नेला की काहीतरी वेगळं, आणि हे मी वाढवून सांगत नाहीये, समोरच्या तिघांनीही तेच म्हटलं.

चवीला तरुण कॅबर्ने कच्च्या केळ्यासारखी जीभ आवळते, इथे तो तुरटपणा बारीक रेशमी झालाय, आहे पण टोचत नाही. आंबटपणा चांगला ताजा, त्यामुळे वाइन उभी राहते. दारूचं प्रमाण साडेबारा टक्के, आजच्या साडेचौदावाल्या रेडनंतर हे इतकं हलकं आणि सुखाचं वाटतं. उणं काढायचं तर मधला भाग थोडा सडपातळ आहे, गुबगुबीत फळ हवं असेल त्यांना आवडणार नाही. शेवट मात्र लांब, गिळल्यावरही सीडरचं लाकूड आणि करंट बराच वेळ राहतं.

जेवण साधं ठेवा. आम्ही मेंढीचा खांदा लसूण आणि रोझमेरी घालून ओव्हनमध्ये मंद भाजला, बरोबर बटाटे, बस. मालवणी मटण मला जीव की प्राण आहे पण तिखटाने ह्या वाइनचं काहीच शिल्लक राहत नाही, त्यासोबत थंड बिअर घ्या.

विकत घेताना मानेतली पातळी बघा, खांद्याच्या खाली उतरली असेल तर घेऊ नका, लेबल फाटकं असलं तरी चालेल. भारतात न्यायची असेल तर ड्युटी-फ्री दोन लिटर चालतात, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या, चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून. प्रवासात गाळ सगळा ढवळतो तेव्हा पोचल्यावर लगेच उघडू नका, दोन आठवडे तरी थंड अंधाऱ्या जागी राहू दे. आणि मे महिन्यात तर मुंबई-पुण्याला नेऊच नका, घरातल्या कपाटात ती शिजेल.