आठ महिन्यांनंतर: मॉडेल एम, कन्व्हर्टर आणि अडकणारी शिफ्ट

'पगार' टाईप केलं आणि स्क्रीनवर आलं 'फघआऱ'. इन्स्क्रिप्टवाल्यांना (इन्स्क्रिप्ट म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण कीबोर्ड-रचना) लगेच कळेल: शिफ्टवरून बोट उचललंय, पण कॉम्प्युटरला ते कळलेलंच नाही. हे इतक्यांदा झालं की आमच्या घरात आता पगाराला फघआऱच म्हणतात.

कीबोर्ड आयबीएम मॉडेल एम, मागच्या लेबलवर १९९१. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळाला. सातशे सांगितले, पाचशेला दिला, वायरीसकट. वजन दोन किलोच्या वर. कींच्या खटखट आवाजाबद्दल लिहीत नाही, तो सगळ्यांना माहीत आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनासुद्धा.

कीबोर्डाची पिन जुनी, गोल पीएस-टू; लॅपटॉपला हवी यूएसबी. म्हणून आधी ड्रॉवरमधला फुकटचा जांभळा अडॅप्टर लावला. तिन्ही दिवे एकदा लुकलुकले, मी खूश झालो. पुढे शुकशुकाट. त्यात चिप नसते, नुसत्या तारा इकडून तिकडे. पीएस-टू आणि यूएसबी या दोन्ही भाषा येणाऱ्या कीबोर्ड-माऊसलाच तो चालतो. माझा कीबोर्ड १९९१चा आणि यूएसबी आली १९९६ला, त्याला ती भाषा येणार कुठून?

मग साडेतीनशेचा चिपवाला कन्व्हर्टर ऑनलाइन मागवला, जांभळं (कीबोर्डाचं) आणि हिरवं (माऊसचं) अशी दोन तोंडं असलेला. लावला आणि चालला. पहिल्या महिन्यात मी त्याला पाच तारे देऊन बसलो होतो. ते आता परत घेतो.

दुसऱ्या महिन्यात शिफ्ट अडकायला लागली. डावी शिफ्ट दाबली की कीबोर्ड १२ हा कोड पाठवतो, सोडली की एफ० १२. हा दुसरा निरोप वाटेत गळला की कन्व्हर्टरच्या लेखी शिफ्ट दाबलेलीच. परत एकदा दाबून सोडली की सुटते. इंग्रजीवाल्यांचं काय जातं? अक्षर मोठं होतं, एवढंच. आपला लचा ळ होतो, तचा थ होतो, काना उठून आ होऊन बसतो. एकदा सोसायटीच्या नोटिशीत 'पाणी'चं 'फआणी' छापून गेलं, तेव्हा डोकं फिरलं.

विक्रेत्याला दोन मेल केले. उत्तर आलं, "सर, दुसरा कीबोर्ड लावून पाहा." चिडून मेव्हण्याचा जुना पीएस-टू टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड आणून लावला. आठवडाभर एकदाही अडकला नाही. म्हणजे विक्रेत्याचं अगदीच चुकत नव्हतं, हे कबूल करायला मला तीन दिवस लागले. जुने मॉडेल एम नंतरच्या कीबोर्डांपेक्षा जास्त करंट खेचतात आणि स्वस्त कन्व्हर्टरांशी त्यांचं पटत नाही, ही तक्रार जुनीच आहे. स्वतःचा पॉवर सप्लाय असलेला यूएसबी हब मध्ये टाकल्यावर शिफ्ट दिवसातून चारदाऐवजी एकदा अडकायला लागली. पण पैसे परत द्यायला काय हरकत होती? दिले नाहीतच.

शेवटी कन्व्हर्टर स्वतःच बनवायला प्रो मायक्रो बोर्ड (प्रोग्राम टाकता येणारा छोटा सर्किट बोर्ड) घेतला, साडेचारशेला. घेताना पाच व्होल्टचाच घ्या, ३.३चाही मिळतो. पीएस-टूच्या सहा पिनांपैकी कामाच्या चारच: डेटा, क्लॉक, पाच व्होल्ट, ग्राउंड. सॉकेट मेलेल्या मदरबोर्डचं काढलं, सोल्डरिंग स्वतः केलं (एक बोट भाजलं), त्यावर टीएमके हे कीबोर्डांसाठीचं फर्मवेअर (चिपमध्ये चालणारा प्रोग्राम) टाकलं. चार महिने झाले, शिफ्ट एकदाही अडकलेली नाही. वर कॅप्स लॉकची विंडोज की करून टाकली, कारण या कीबोर्डावर ती नाहीच. इन्स्क्रिप्टमध्ये तसाही कॅप्स लॉक कोणाला हवा असतो?

हिशेब: कीबोर्ड पाचशे, तो जोडायला आठशे. हब घरातला होता म्हणून धरत नाही. बायको धरते.

आता एकच कुरबूर. लॅपटॉप झोपेतून उठवला की पहिली की गिळली जाते. आधी स्पेसबार मारायची सवय लावून घेतली आहे.

कन्व्हर्टर फेकवेना. साडेतीनशे रुपये आहेत. भाच्याकडे दिला, त्याने हिरव्या तोंडाला जुना गोळीवाला माऊस लावलाय. बिनबोभाट चालतो.