भाड्याच्या घरातली ओल: घरमालकाकडे काय, भाडेकरूकडे काय

ओलीच्या भांडणात घरमालक खिडक्यांकडे बोट दाखवतो, भाडेकरू भिंतीकडे. खर्चाचं बोलण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधायला हवं, कारण जबाबदारी बहुतेक वेळा त्यावरच ठरते. छत, बाहेरची भिंत, जमीन किंवा भिंतीत गाडलेला पाइप यांतून आलेली ओल साधारणपणे घरमालकाची. घरातल्या हवेतलं बाष्प भिंतीवर बसत असेल तर भाडेकरूच्या राहण्याची पद्धतही तपासावी लागते.

खुणा बऱ्यापैकी वेगळ्या असतात. जमिनीतून चढणारी ओल तळापासून सुरू होऊन साधारण मीटरभर वर जाते, पांढरा खार फुटतो आणि गिलावा भुसभुशीत होतो. पावसानंतर गडद होणारा आणि उघडिपीत फिकट पडणारा डाग बाहेरच्या भेगेचा किंवा छताचा. पावसाशी संबंध नसलेला डाग वाढतोय आणि भिंतीपलीकडे बाथरूम आहे, तर पाइप किंवा फरशीचे सांधे बघा. बाष्पाची ओल कोपऱ्यात, कपाटामागे, खिडकीच्या चौकटीशी दिसते. तिथे खार सहसा नसतो, काळी बुरशी असते.

तरी शंका राहिली तर भिंतीचा एक तुकडा पुसून कोरडा करा, त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टी लावून बसवा आणि 24 ते 48 तासांनी पाहा. खोलीच्या बाजूने पाणी जमलं तर ते हवेतलं, भिंतीच्या बाजूने जमलं तर भिंतीतलं. दोन्ही बाजू ओल्या निघाल्या तर दोन्ही कारणं असू शकतात, आणि तेव्हा जाणकाराला बोलावण्याला पर्याय नाही.

खरी ओढाताण बाष्पाच्या ओलीत होते. 25 अंश सेल्सिअस तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असलेल्या हवेतलं बाष्प सुमारे 17 अंशांच्या भिंतीवर पाणी होऊन बसतं. बुरशीला तर थेंबही लागत नाहीत. पृष्ठभागालगतची आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली तरी ती धरते. स्वयंपाक, आंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे या सगळ्यांतून बाष्प निघतंच, आणि त्याला निष्काळजीपणा म्हणणं मला पटत नाही. उघडणारी खिडकी आणि चालणारा एक्झॉस्ट फॅन घरमालकाने द्यायला हवा. तो देऊनही कोणी झरोका पुठ्ठ्याने बंद केला, पंखा कधी लावलाच नाही, कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं, तर पुढची बुरशी भाडेकरूची.

वरच्या मजल्यावरून गळत असेल तर तिथल्या लोकांशी भांडायला भाडेकरूने जाऊ नये. त्याचा करार घरमालकाशी आहे. पाठपुरावा घरमालकाने करावा.

रंग हा बहुतेक घरमालकांचा आवडता उपाय, कारण तो स्वस्त आणि झटपट. ओल्या भिंतीवर आतून वॉटरप्रूफ रंग मारला की पाणी आतच कोंडतं, काही दिवसांनी पोपडे निघतात किंवा ओल शेजारच्या भागात सरकते. आधी गळती बंद, मग भिंत पूर्ण वाळू देणं (यात कित्येक आठवडे जातात), शेवटी रंग. भाडेकरूनेही आपल्या खर्चाने रंगवून विषय झाकू नये. डाग लपला तर पुरावाही लपतो.

कळवण्यात उशीर झाला तर पारडं फिरू शकतं. छोटी गळती महिनोन्‌महिने सांगितलीच नाही तर वाढलेल्या नुकसानीचा वाटा भाडेकरूच्या अनामत रकमेतून मागितला जाऊ शकतो. उलट तारखेसह फोटो आणि लेखी निरोप देऊनही घरमालक हलला नाही, तर त्यापुढचं नुकसान त्याच्या माथी टाकता येतं. तोंडी सांगितलेलं नंतर कोणालाच आठवत नाही.

स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून वजा करायचं असेल तर आधी रक्कम लेखी मान्य करून घ्या. भाडं परस्पर थांबवणं धोक्याचं: ओलीची तक्रार खरी असूनही थकबाकीदार तुम्ही ठरता. कायदा जागोजागी वेगळा आहे, त्यामुळे करार आणि स्थानिक नियम दोन्ही वाचा.

थांबायचं की घर सोडायचं? पाइपाची गळती असेल आणि घरमालक प्लंबर पाठवत असेल तर थांबा. जमिनीतून ओल चढतेय आणि त्यावर फक्त रंगाचीच भाषा होत असेल, तर करार संपण्याची तारीख बघून घर शोधायला लागा. घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल आणि बुरशी पुसूनही परत येत असेल, तर ती तारीखही अलीकडे आणण्याची बोलणी आत्ताच सुरू करा.