इंजिन-निदान प्रणालीची पारख: आरओसी वक्र की प्रिसिजन-रिकॉल वक्र?

इंजिनातील बिघाड ओळखणाऱ्या प्रणालीची कामगिरी आरओसी वक्राने मोजावी की प्रिसिजन-रिकॉल वक्राने, असा प्रश्न एका सहकाऱ्याला पडला आहे. इशारा कधी द्यायचा ती मर्यादा बदलत गेल्यावर पकडलेल्या बिघाडांचे आणि निर्दोष नोंदींवरील खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण कसे बदलते, ते आरओसी वक्र दाखवतो. प्रिसिजन म्हणजे दिलेल्या इशाऱ्यांपैकी खरे किती, आणि रिकॉल म्हणजे खऱ्या बिघाडांपैकी पकडले किती; दुसरा वक्र या दोन्हींचा मेळ दाखवतो. लागणारा डेटा आणि श्रम दोन्हींत सारखेच असल्यामुळे निवड ठरते ती बिघाड किती दुर्मीळ आहे यावर.

समजा, १०,००० नोंदींपैकी २० नोंदींत खरोखर बिघाड होता, प्रणालीने त्यांतले १९ पकडले आणि ९,९८० निर्दोष नोंदींपैकी १०० वेळा उगाच इशारा दिला. आरओसी वक्रावर हा बिंदू ९५ टक्के शोध आणि जेमतेम १ टक्का खोटे इशारे असा देखणा दिसतो. प्रिसिजन मात्र ११९ पैकी १९, म्हणजे सुमारे १६ टक्केच भरते; इशारा मिळताच इंजिन उघडणाऱ्या मेकॅनिकच्या हाती सहापैकी पाच वेळा काहीच लागत नाही, आणि मग खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होऊ लागते. मला हा धोका सर्वांत गंभीर वाटतो.

स्थिरतेत आरओसी सरस आहे, कारण तो बिघाडाच्या प्रमाणावर अवलंबून नसतो. चाचणीसाठी मुद्दाम घडवलेल्या बिघाडांच्या डेटावर, तिथे बिघाडांचे प्रमाण जास्त असल्याने, प्रिसिजन फसवी उंच येते.

विश्वासांतर, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज, मात्र दोन्हींत द्यायलाच हवे: २० पैकी १९ या यशाचे ९५ टक्के विश्वासांतर साधारण ७५ पासून थेट ९९.९ टक्क्यांपर्यंत पसरते.

प्रयोगशाळेत दोन अल्गोरिदमांची तुलना करायची असेल, तर आरओसी घ्यावा. प्रत्यक्ष देखभालीत इशाऱ्याची मर्यादा ठरवायची असेल, तर प्रिसिजन-रिकॉल.