बदललेली म्हणून दिलेली बेअरिंग माझ्या इंजिनची नव्हतीच

टायर बदलला तर दिसतो, बॅटरी बदलली तर दिसते. क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, ज्यात फिरते ते मेन बेअरिंग बदललं की नाही, हे इंजिनखालचं ऑइलचं चेंबर परत बसल्यावर बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. माझी फसवणूक नेमकी याच जागी झाली. आज माझी पिकअप व्यवस्थित चालतेय, पण एकाच कामाचे मी दोनदा पैसे मोजले आणि मधल्या दोन महिन्यांत क्रँक आणखी खराब करून घेतली. ज्यांचं पोट एका गाडीवर आहे त्यांच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी मी नवी घेतलेली. चार सिलेंडरचं डिझेल इंजिन, तोवर एकदाही न उघडलेलं. हे लक्षात ठेवा, पुढे याच गोष्टीवरून सगळं उघडकीला आलं. सुरुवात आवाजाने झाली. गाडी भरलेली असली आणि चढ लागला की खालून जड ठोका यायचा. टॅपेटची टकटक बारीक असते, वरून येते. पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं तर आवाज कोरडा आणि कडक येतो. मेनचा ठोका दबका असतो, कुणी चेंबरच्या आतून लाकडी हातोडा मारावा तसा, आणि कानाआधी तो पायाखालच्या पत्र्याला कळतो. त्यात इंजिन तापून गाडी आयडलला आली की डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. जरा रेस दिली की विझायचा.

ज्या गॅरेजमध्ये नेली तिथल्या मिस्त्रीने पाच मिनिटांत निदान केलं. चेंबरच्या नटातून थोडं ऑइल काढून उन्हात धरून दाखवलं, त्यात धातूची बारीक चमकी होती. "दादा, मेन बेअरिंग गेलीत. इंजिन उतरवावं लागेल, क्रँक घासून घ्यावी लागेल, पूर्ण सेट टाकावा लागेल." हे निदान खरं होतं. म्हणूनच मी पुढे काही विचारलं नाही. ज्याला दुखणं बरोबर सापडतं तो औषधही प्रामाणिकपणे देईल, असं मी धरून चाललो.

चार दिवसांनी गाडी मिळाली. ठोका बंद, लाल दिवा बंद. बिल हाताने लिहिलेलं, त्यावर एकच ओळ: 'इंजिन काम, पूर्ण', आणि पुढे एक रक्कम. मी जुने पार्ट मागितले तेव्हा त्याने लगेच प्लॅस्टिकची पिशवी आणून दिली. आत ऑइलने माखलेले, घासून तांबूस झालेले अर्धगोल शेल, म्हणजे बेअरिंगचे अर्धे भाग, होते. ते पाहून माझं समाधान झालं. पिशवी सीटमागे टाकली आणि कामाला लागलो.

दोन महिने जेमतेम गेले आणि चढावर तोच ठोका परत सुरू झाला. लाल दिवा मात्र लागत नव्हता, त्यामुळे ऑइल प्रेशर ठीक आहे, आवाज दुसरीकडून येत असेल, अशा समजात मी आणखी काही दिवस गाडी भरून चालवली. आज सगळ्यात जास्त वाईट त्या दिवसांचं वाटतं.

मग एका ओळखीच्या माणसाने दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रींकडे पाठवलं. काकांनी बॉनेट उघडायच्या आधी फक्त चावी फिरवली, इंजिन चालू न करता. डॅशबोर्डकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ऑइलचा दिवा कुठंय रे तुझा?" बॅटरीचा दिवा लागला होता, बाकीचेही लागले होते. ऑइलचा लागलाच नव्हता. माझ्या गाडीत, आणि अशा बहुतेक गाड्यांत, चावी ऑन केल्यावर तो दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन चालू झालं की विझला पाहिजे, कारण प्रेशर नसतं तेव्हा स्विच जोडलेला असतो आणि प्रेशर आलं की सुटतो. वायरच काढली तर दिवा कायमचा बंद. काकांनी हात घालून ब्लॉकवरच्या ऑइल प्रेशर स्विचपाशी चाचपलं आणि वायरचं टोक वर ओढलं. त्यावर काळी टेप गुंडाळून ती मागे खोचून ठेवलेली होती.

मी तिथेच मटकन खाली बसलो. काम अर्धवट करणं वेगळं. पण इंजिनला ऑइल मिळत नाहीये हे सांगणारी एकुलती एक खूण मुद्दाम बंद करून, ती गाडी माझ्या हातात देऊन, पैसे घेणं? चढावर भरल्या गाडीचं इंजिन जाम झालं असतं तर मागून येणाऱ्याचं काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही.

काकांनी स्विचच्या जागी काट्याचा गेज लावला आणि इंजिन तापू दिलं. दर हजार आरपीएमला (मिनिटाला हजार फेऱ्यांना) साधारण १० पीएसआय ऑइल प्रेशर हवं, असा जुना ठोकताळा आहे. नेमका आकडा प्रत्येक इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतो. माझ्या इंजिनचा काटा आयडलला जवळपास शून्यावर बसला होता. मग आधी ठोका थांबला कसा होता? ऑइल काढल्यावर उत्तर मिळालं. मधासारखी जाड धार पडत होती. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा घट्ट ऑइल आणि त्यात आणखी जाड करणारं काहीतरी ओतलेलं. जाड ऑइल क्रँक आणि बेअरिंगमधल्या वाढलेल्या फटीत, म्हणजे गाळ्यात, भरून राहतं आणि ठोका काही काळ दाबून टाकतं. थंडीत सुरू करताना मात्र तेच ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि तेवढा वेळ बेअरिंग कोरडी घासतात.

मग मी सीटमागची पिशवी आणली. काकांनी शेल कपड्याने पुसून बाकावर ओळीने मांडले आणि मला मोजायला सांगितले. आठ. "चार सिलेंडरच्या इंजिनला मेन जर्नल किती?" मला माहीत नव्हतं. जर्नल म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग. ते पाच असतात, प्रत्येक सिलेंडरच्या दोन्ही बाजूंना एकेक. प्रत्येक जर्नलला दोन शेल, एक वर ब्लॉकमध्ये, एक खालून बोल्टने आवळलेल्या कॅपमध्ये. म्हणजे दहा हवेत. आठ असतात ते कनेक्टिंग रॉडचे, चार रॉडचे दोन-दोन. शिवाय मेनच्या वरच्या शेलला ऑइल यायचं भोक आणि आतून खाच असते, तिथूनच ब्लॉकमधलं ऑइल जर्नलला मिळतं. या आठांपैकी एकालाही तशी खाच नव्हती. शेवटी काकांनी एक शेल उलटा करून पाठ माझ्यासमोर धरली. पोलादावर ठसा होता: ०.५०. हे अर्धा मिलिमीटर घासलेल्या क्रँकचं माप. माझं इंजिन कधी उघडलंच नव्हतं, त्यातून असा शेल निघूच शकत नाही. त्याने मला दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं भंगार पुरावा म्हणून दिलं होतं.

यानंतर इंजिन उतरवलं. उतरवताना काकांनी गिअरबॉक्सच्या घंटेवरचे, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनला जोडणारे, बोल्ट दाखवले. त्यांच्या डोक्यांवर वर्षानुवर्षांचा चिखल आणि ग्रीस जसंच्या तसं चिकटलेलं, पान्याचा ओरखडासुद्धा नाही. रेडिएटरमधलं कूलंटही तेच जुनं, मातकट. क्रँक घासायची म्हणजे ती बाहेर काढावी लागते, त्यासाठी इंजिन गिअरबॉक्सपासून सोडवावं लागतं. हे बोल्ट फिरलेच नव्हते, म्हणजे इंजिन उतरलंच नव्हतं. हे मला गाडी ताब्यात घेताना, खाली वाकून एकदा पाहिलं असतं तर दिसलं असतं.

आत काय होतं ते सांगतो. खालचे पाचही शेल नवे, स्टँडर्ड मापाचे. वरचे पाचही जुने, कंपनीचे, तांबं दिसेपर्यंत घासलेले. चेंबर खाली घेऊन, एकेक कॅप सोडून फक्त खालचे शेल बदलले होते, कारण तेवढं काम गाडीखाली झोपून होतं. इंजिन न उतरवता मेन बेअरिंग बदलणं हे मुळात लबाडीचं काम नाही, हेही लिहायला हवं. क्रँक चांगली असेल तर जाणते मिस्त्री जर्नलच्या ऑइल होलमध्ये छोटी पिन बसवतात, क्रँक हाताने फिरवतात आणि वरचा शेल सरकवून बाहेर काढतात, नवा तसाच आत सरकवतात. वेळ आणि पैसा वाचतो. पण तसं सांगून करावं, आणि जर्नल मापून करावं. इथे वरच्या शेलला हातच लावला नव्हता आणि पैसे क्रँक घासल्याचे घेतले होते.

मधली, तीन नंबरची कॅप काढली तेव्हा शेलच्या पाठीमागून पातळ पत्र्याचा तुकडा खाली पडला. गाळा जास्त झाला होता तो कमी करायला घातलेला. ज्यांना यात काय बिघडलं असं वाटेल त्यांच्यासाठी: क्रँक बेअरिंगला टेकून फिरत नाही, ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत फिरते. हा गाळा मिलिमीटरच्या काही शतांशांचा असतो, माणसाच्या केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहून कमी. शेलची पाठ कॅपला सगळीकडून घट्ट टेकली तरच तो गोल राहतो आणि त्याची उष्णता निघून जाते. मागे पत्रा घातला की शेल एका जागी फुगतो, तिथे पापुद्रा तुटतो आणि धातूवर धातू घासतो. तेच झालं होतं. त्या जर्नलवर खोल चरे पडले होते, नख फिरवलं तर अडकत होतं. नवा शेल दोन महिन्यांत तांबूस झाला होता. काकांचं म्हणणं असं की पहिल्या वेळीच नीट मापून केलं असतं तर क्रँक कदाचित नुसत्या पॉलिशवर निभावली असती. आता ०.२५ घासावी लागली.

दुसऱ्या वेळी मी काम चालू असताना तिथे थांबलो. घासून आलेल्या क्रँकची मापं एका चिठ्ठीवर होती, पाचही जर्नलची, प्रत्येक दोन दिशांनी घेतलेली. नव्या शेलच्या पाठीवरचा ०.२५ चा ठसा मी स्वतः पाहिला आणि फोटो काढला. ब्लॉकमधले ऑइलचे मार्ग ब्रश घालून धुतले, कारण जुनी चमकी तिथेच दडलेली असते आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खाते. कॅपवर नंबर आणि पुढची दिशा दाखवणारा बाण असतो, कारण कॅप ब्लॉकला लावूनच एकत्र बोअर केलेल्या असतात. एकीची जागा दुसरीला चालत नाही. त्या मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळल्या. प्रत्येक कॅप आवळल्यावर काका क्रँक हाताने फिरवून बघत होते. गाळा मोजायला मेणासारखा बारीक दोरा मिळतो, तो जर्नलवर ठेवून कॅप आवळायची, परत सोडायची आणि चपटा झालेला दोरा पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघायचा. दोन मिनिटांचं काम आहे आणि अडाणी माणसालाही कळतं. तुमच्या मिस्त्रीला हे करून दाखवायला सांगा. चांगला मिस्त्री रागावत नाही. काकांना तर मी विचारतोय याचा आनंदच झाला.

पिशवी आणि फोटो घेऊन पहिल्या गॅरेजमध्ये गेलो होतो. आधी म्हणाला, पोराने चुकून दुसरी पिशवी दिली असेल. मग म्हणाला, तुम्ही ओव्हरलोड चालवली. वायरचं विचारलं तेव्हा म्हणाला, उंदराने कुरतडली असेल. उंदीर टेप गुंडाळत नाही, एवढंच बोलून मी परत आलो. पैसे मिळाले नाहीत. बिलावर 'इंजिन काम, पूर्ण' याशिवाय काहीच नव्हतं. ना पार्ट नंबर, ना माप, ना क्रँक घासल्याची चिठ्ठी. दाद मागायला माझ्या हातात कागदच नव्हता. त्यामुळे गाडी सोडायच्या आधीच सांगा, की बिलात प्रत्येक पार्ट वेगळा लिहायचा आणि नव्या शेलची रिकामी खोकी मला द्यायची. इंजिन उतरवणार असं म्हटलं असेल तर गिअरबॉक्सच्या दोन बोल्टांवर आणि माउंटिंगच्या एका बोल्टवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवा, असा की अर्धा बोल्टवर आणि अर्धा शेजारच्या धातूवर येईल. बोल्ट फिरला की ठिपका तुटतो. गाडी घेताना आधी चावी ऑन करून लाल दिवा बघा, मग जुने शेल मोजा, पाठीवरचे ठसे वाचा, आणि त्यानंतरच पैसे काढा.

माझ्या इंजिनचे वरचे पाच जुने शेल आणि दोन महिन्यांत खराब झालेले खालचे पाच, असे दहा मी एका डब्यात ठेवलेत. खालचे मूळचे पाच मला कधीच मिळाले नाहीत. ते आठ शेल मात्र अजून माझ्याकडे आहेत. ते कुणाच्या तरी गाडीतून निघाले असणार, आणि त्या माणसाने जुने पार्ट मागितले तेव्हा त्याच्या हातात कदाचित माझे पाच ठेवले असतील.