जुन्या संगणकाचा राउटर: ओपनसेन्स चौदा महिने वापरल्यावर

एका कार्यालयातून मोडीत निघालेल्या छोट्या डेस्कटॉप संगणकावर ओपनसेन्स ही मोफत फायरवॉल प्रणाली (घरचे नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये पहारा देणारी) बसवून मी त्याचा घरचा राउटर केला, त्याला आता चौदा महिने झाले. त्यातले पहिले जवळजवळ तीन महिने दिवसातून पाच-सहा वेळा नेट जात असे, वीस-तीस सेकंदांत आपोआप परत येत असे, आणि कोणी पाहायला बसले की तासन्‌तास सुरळीत चालत असे. हे परीक्षण मुख्यतः त्या तीन महिन्यांविषयी आहे. सगळे नीट चालू असताना कोणताही राउटर चांगलाच वाटतो. नेट गेल्यावर तो आपल्याला काय आणि किती दाखवतो, यावर माझ्या मते त्याची खरी पारख होते. या बाबतीत ओपनसेन्सने माझी पूर्ण खात्री पटवली आहे.

प्रणालीची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. मॅन्युएल कास्पर यांनी सुरू केलेल्या मोनोवॉल या छोटेखानी फायरवॉलपासून २००४ मध्ये पीएफसेन्स निघाली आणि तिच्यापासून जानेवारी २०१५ मध्ये डेसिसो या डच कंपनीच्या पुढाकाराने ओपनसेन्स वेगळी झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मोनोवॉलचे काम थांबवताना कास्पर यांनी आपल्या वापरकर्त्यांना ओपनसेन्सकडे जाण्याचाच सल्ला दिला होता. तिचा पाया फ्रीबीएसडी ही मोफत कार्यप्रणाली असून दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन मोठ्या आवृत्त्या येतात. ६४ बिटांचा प्रोसेसर तिला लागतोच, त्यामुळे माळ्यावरचा अगदी पुरातन संगणक उपयोगी पडणार नाही. मात्र गेल्या दहा-बारा वर्षांतला कोणताही साधा कार्यालयीन संगणक घराच्या गरजेला पुरून उरतो. माझ्याकडच्या यंत्रात ८ जीबी रॅम होती, चकतीच्या जागी मी एक लहान एसएसडी बसवली, आणि बोर्डावरच्या लॅन पोर्टला जोड म्हणून एका पोर्टचे जुने लॅन कार्ड लावले. बोर्डावरचा पोर्ट बाहेरच्या जोडणीसाठी आणि कार्डाचा पोर्ट घरासाठी, अशी वाटणी केली. हीच वाटणी पुढे त्रासाचे मूळ ठरली.

स्थापनेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पेनड्राइव्हवरून ती अर्ध्या तासात होते. एकच गोष्ट सांगून ठेवतो. ओपनसेन्सचा घराच्या बाजूचा पत्ता मुळात १९२.१६८.१.१ असतो आणि फायबर देणारे जो ओएनयू (फायबर ज्यात येऊन संपते आणि जिथून लॅन केबल निघते ती डबी) बसवून जातात त्यातही बहुधा हाच पत्ता असतो. दोघांचा पत्ता एकच राहिला तर राउटरला बाहेरची आणि आतली बाजू वेगळी ओळखता येत नाही आणि पहिल्याच दिवशी सगळे बंद पडते. मी सेवा पुरवठादाराकडून ओएनयू ब्रिज मोडमध्ये करून घेतला, म्हणजे तो डेटा फक्त पुढे सोपवतो, आणि पीपीपीओईचे (पुरवठादाराशी नाव-पासवर्डाने जोडणी करण्याच्या पद्धतीचे) लॉगिन ओपनसेन्समध्ये टाकले. ब्रिज मोड करून मिळण्यासाठी दोन-तीनदा फोन करावे लागले, परंतु त्याचा आग्रह धरावा, कारण ओएनयू स्वतःही राउटरचे काम करत राहिला तर पुढे बिघाड शोधताना दोन राउटरांमध्ये आपण अडकून पडतो.

आता नेट जाण्याविषयी. असा अधूनमधून येणारा बिघाड माणसाला हातघाईवर आणतो. पहिल्या आठवड्यात मी डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलले, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ आहे की नाही ते तपासले, प्रणाली पुन्हा बसवली, आणि दर वेळी तीन-चार तास नेट टिकले की उपाय लागू पडला असे मला वाटे. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्यामुळे कशाने काय झाले हेही कळेनासे झाले होते. शेवटी सगळे बदल मागे घेतले. ओपनसेन्स प्रत्येक बदलाआधीची रचना जपून ठेवते आणि हव्या त्या तारखेची रचना परत आणता येते, म्हणून हे पाच मिनिटांत झाले. त्यानंतर काहीही न बदलता, नेट नेमके कुठे तुटते एवढेच पाहायचे ठरवले.

त्यासाठीची पद्धत साधी आहे आणि ती कोणत्याही राउटरला चालेल. एक लॅपटॉप केबलने राउटरला जोडला, कारण वायफायवरून पाहिले तर वायफायचा दोष आणि लाइनचा दोष एकमेकांत मिसळतात. त्यावरून दर सेकंदाला तीन ठिकाणी पिंग (समोरचे यंत्र उत्तर देते का हे पाहणारा छोटा संदेश) सुरू ठेवले आणि प्रत्येक उत्तर वेळेसह फाइलमध्ये उतरवले. पहिले ठिकाण राउटरचा स्वतःचा पत्ता, दुसरे पीपीपीओईच्या पलीकडच्या टोकाचा, म्हणजे पुरवठादाराच्या यंत्राचा पत्ता, जो इंटरफेसच्या पानावर दिसतो, आणि तिसरे १.१.१.१ हा इंटरनेटवरचा एक सार्वजनिक पत्ता. शिवाय दर दहा सेकंदांनी एखादे संकेतस्थळ नावाने शोधून पाहायचे. पहिलेच उत्तर बंद झाले तर दोष घरातला. पहिले चालू आणि दुसरे-तिसरे एकदम बंद झाले तर दोष राउटरचा बाहेरचा पोर्ट, ओएनयू किंवा फायबर यांच्यात कुठेतरी. फक्त तिसरे बंद झाले तर तो पुरवठादाराच्या त्या यंत्राच्याही पलीकडे, आणि तिन्ही चालू असून नाव सापडत नसेल तर डीएनएसमध्ये. दोन दिवसांच्या नोंदींत एकूण अकरा वेळा नेट गेले होते आणि अकराही वेळा दुसरे व तिसरे उत्तर एकाच सेकंदाला थांबले होते.

साहजिकच मी पुरवठादाराकडे तक्रार केली. आलेल्या तंत्रज्ञाने फायबर काढून मीटरला लावली आणि प्रकाश उणे १९ डीबीएम असल्याचे मला दाखवले (डीबीएम हे ताकदीचे माप; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश क्षीण). घरगुती फायबरच्या नेहमीच्या बी-प्लस प्रकारात उणे २७ पर्यंत ओएनयू चालावा अशी अपेक्षा असते, तेव्हा लाइन उत्तम होती. “साहेब, लाइन ओके आहे, तुमचा पीसीच बघा एकदा,” असे तो जाताना म्हणाला. ते मला तेव्हा पटले नाही, पण त्याचेच खरे होते.

ओपनसेन्सचे मोल मला इथे कळले. सिस्टमच्या लॉगमध्ये माझ्या फाइलमधली एक वेळ शोधली, तेव्हा त्याच सेकंदाला बोर्डावरच्या लॅन चिपच्या नावापुढे “वॉचडॉग टाइमआउट” असे लिहिलेले सापडले. त्याखाली लिंक बंद झाल्याची ओळ, चार सेकंदांनी ती पुन्हा सुरू झाल्याची, आणि मग पीपीपीओईने नव्याने लॉगिन केल्याच्या दहा-बारा ओळी. याचा अर्थ असा की ड्रायव्हरने, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, चिपकडे पाठवायला दिलेला डेटा ठराविक वेळेत गेला नाही, म्हणून ड्रायव्हरने चिप अडकली असे समजून ती स्वतःच बंद करून चालू केली. लिंक चारच सेकंद गेली होती. उरलेला वेळ पीपीपीओईला पुन्हा जोडून घेण्यात जात होता. बाजारातल्या नेहमीच्या राउटरमध्ये हाच प्रकार झाला असता तर लाल दिवा लागून विझला असता आणि मी वर्षभर पुरवठादाराशी भांडत बसलो असतो.

अशा काही स्वस्त चिपांसाठी, निर्मात्याचा स्वतःचा ड्रायव्हर ओपनसेन्समध्ये प्लगिन म्हणून मिळतो. तो बसवून यंत्र पुन्हा सुरू केल्यावर अकराचे प्रमाण दोन दिवसांत तीनवर आले. सुधारणा खरी होती, तरी तेवढ्यावर थांबणे योग्य वाटले नाही. मी दोन पोर्टचे, इंटेलची चिप असलेले जुने सर्व्हर कार्ड मागवले आणि बोर्डावरचा पोर्ट बायोसमधूनच (संगणकाच्या मूळ सेटिंगमधून) बंद केला. फ्रीबीएसडीवर इंटेलच्या गिगाबिट चिपांचा अनुभव अनेक वर्षांचा आणि चांगला आहे. ज्यांना असा राउटर करायचा आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून असेच कार्ड घ्यावे, हा माझा ठाम सल्ला आहे. जुन्या बाजारात नकली कार्डेही फिरतात, म्हणून परत करण्याची सोय असेल तिथूनच खरेदी करावी. कार्ड बसल्यानंतर वॉचडॉगची ओळ लॉगमध्ये पुन्हा कधीही आली नाही.

तरीही दिवसातून एकदा-दोनदा नेट जातच राहिले. या वेळी लॉगमध्ये चिपची तक्रार नव्हती, फक्त लिंक गेली आणि आली एवढेच. मात्र आल्यानंतर काही वेळा वेग १००० ऐवजी १०० मेगाबिट लिहिलेला होता, आणि ही खूण महत्त्वाची आहे. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात आणि १०० मेगाबिटला दोनच पुरतात, त्यामुळे वेग असा मध्येच घसरत असेल तर एखादी जोडी तुटत-जुळत आहे असे समजावे. पंधरा दिवसांच्या वेळा मी एका कागदावर मांडल्या. जवळजवळ सगळ्या सकाळी साडेसहाच्या आसपास आणि संध्याकाळी साडेसहा-सातच्या दरम्यान होत्या. आई सकाळी उठल्यावर बैठकीच्या खोलीची खिडकी उघडते आणि दिवेलागणीला डास येऊ नयेत म्हणून लावते. ओएनयू गॅलरीत आहे आणि त्याच्यापासून राउटरपर्यंतची केबल त्याच खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीतून आत घेतलेली होती. पल्ला सरकवून पाहिला तर केबल चौकटीच्या कोपऱ्यात दाबली जात होती; तिथे तिचे निळे आवरण चपटे होऊन पांढुरके पडले होते, आणि बोटांनी दाबल्यावर आतल्या तारा मोकळ्या लागत होत्या. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या साध्या टेस्टरला दोन्ही टोके लावली. एक ते सहा दिवे ओळीने लागले, सातवा मी केबल वाकवली की विझत होता. तपकिरी जोडीची ती तार होती. भिंतीला भोक पाडून नवी कॅट-६ केबल ओढली, दोन्ही टोके नव्याने क्रिम्प केली, आणि त्या दिवसापासून हा प्रकार संपला.

दोन दोष एकमेकांवर चढलेले होते म्हणून शोध इतका लांबला, हे इथे नोंदवतो. कार्ड बदलून नेट जाणे थांबले नाही तेव्हा कार्डाचा काही संबंध नव्हता असा निष्कर्ष मी काढण्याच्या बेतात होतो. वेळांची नोंद हाताशी नसती तर जुना पोर्ट परत सुरू करून पुन्हा पहिल्या पायरीवर आलो असतो.

आणखी एक तक्रार प्रत्यक्षात बिघाड नव्हती. रात्री फोटोंचा बॅकअप चालू असताना ओपनसेन्सच्या गेटवेच्या (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर पॅकेट हरवल्याचा इशारा येई आणि घरातले व्हिडिओ कॉल अडखळत. गेटवे तपासणारा भाग पिंगवरच अवलंबून असतो, आणि अपलोड पूर्ण भरलेला असला की ते पिंगही रांगेत अडकतात. ओपनसेन्सच्या शेपरमध्ये (डेटाचा वेग आवरणाऱ्या भागात) एफक्यू-कोडेल ही रांग लावण्याची पद्धत निवडून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या सुमारे ९० टक्के ठेवली, तेव्हा इशारेही थांबले आणि कॉलही सुधारले.

वीज जाणाऱ्या भागात राहणाऱ्यांसाठी दोन सूचना. बायोसमध्ये वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे ही सोय चालू करावी. जुन्या कार्यालयीन संगणकांत ती बहुधा बंद असते. दुसरे, बोर्डावरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी पहिल्याच दिवशी बदलावी. ती संपली असेल तर वीज जाऊन आल्यावर संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. डीएनएसेक (डीएनएसच्या उत्तरांवरच्या डिजिटल सह्या तपासण्याची सोय) चालू असेल तर अनबाउंड ही नाव शोधणारी सेवा चुकीच्या तारखेमुळे सह्या अवैध मानते. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या सर्व्हरचे नाव तिच्याकडूनच शोधावे लागत असल्याने तेही सापडत नाही. पिंग चालू, पण एकही पान उघडत नाही, अशी अवस्था होते. पावसाळ्यात एका रात्री आमच्याकडे नेमके हेच झाले होते.

उणिवांकडेही पाहायला हवे. फ्रीबीएसडीवर वायफायची बाजू कमकुवत आहे, त्यामुळे वेगळा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारे यंत्र) घ्यावाच लागतो; मी जुना राउटर त्या कामाला लावला आहे. पीपीपीओईचा येणारा डेटा साधारणतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर येऊन पडतो, म्हणून गिगाबिटची योजना असणाऱ्यांनी जास्त कोअरपेक्षा एका कोअरचा वेग पाहावा. माझ्या २०० मेगाबिटच्या जोडणीला ही अडचण जाणवत नाही. प्लगमधल्या मीटरवर माझे यंत्र २४ वॉट घेते, म्हणजे महिन्याला सुमारे १७ युनिट. साध्या राउटरच्या दुपटीहून हे जास्त आहे. आणि घरात लॉग वाचण्याची इच्छा असलेले कोणीतरी असायला हवे. तसे कोणी नसेल तर मी हा राउटर सुचवणार नाही. ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत राउटर प्रणाली चालणारा एखादा तयार राउटर घ्यावा, त्यात वायफायही आहे, विजेचा खर्चही कमी आहे आणि केक नावाचा उत्तम शेपरही आहे.

गेल्या महिन्यात पुरवठादाराने रात्री काही काम काढले तेव्हा आमची पीपीपीओई जोडणी तुटली. त्याआधी ती सलग ४१ दिवस चालू होती, असे लॉगमध्ये लिहिलेले आहे.