एनपीटीईएलचा प्रोजेक्ट मॅनेजमेंट अभ्यासक्रम: हिंगणघाटच्या जिनिंगमधील एका मेकॅनिकल अभियंत्याचा अभिप्राय

हिंगणघाट तालुक्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी नऊ वर्षे मेंटेनन्स पाहिला. रेच्याचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचे, चामडी रोलर, रुई दाबून गाठी बांधणाऱ्या प्रेसचे हायड्रॉलिक सील, कन्व्हेयरची बेअरिंगे, या सगळ्यांची नाडी मला ठाऊक होती. २०२४ साली मालकांनी दुसरी प्रेस बसवण्याचे ठरवले आणि ते काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या हाती दिले, तेव्हा मात्र चार ठेकेदार, एक यंत्रपुरवठादार, वाढीव वीजभार आणि दसऱ्यानंतर सुरू होणारी कापसाची आवक यांचा एकत्र हिशेब कसा मांडायचा, हे मला कोणी कधी शिकवले नव्हते. त्या पावसाळ्यापूर्वी मी आयआयटी रुरकीचा ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट फॉर मॅनेजर्स’ हा एनपीटीईएलवरील बारा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला होता. त्याचा प्रत्यक्ष साइटवर किती उपयोग झाला, हे आपल्या भागातील मेकॅनिकलच्या मुलामुलींसाठी लिहीत आहे.

एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने मिळून २००३ मध्ये सुरू केलेला उपक्रम असून त्याचे अभ्यासक्रम आता केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या मंचावरून चालतात. व्याख्याने पाहणे आणि दर आठवड्याचा स्वाध्याय सोडवणे पूर्णपणे मोफत आहे. पैसे लागतात ते फक्त प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असल्यास, आणि मी त्यासाठी एक हजार रुपये भरले. बारा स्वाध्यायांपैकी सर्वोत्तम आठ धरून २५ गुण आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ गुण, अशी रचना आहे. मला एकूण ७१ गुण मिळाले, म्हणजे ‘एलिट’ श्रेणी.

त्याआधी मी एक चूक केली होती, ती सांगणे आवश्यक वाटते. नागपुरातील एका खासगी क्लासमध्ये मी पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) या परीक्षेच्या तयारीसाठी अठरा हजार रुपये भरले. पीएमपी हे जगभर मानले जाणारे प्रमाणपत्र आहे, याबद्दल वाद नाही. परंतु पदवीधराला त्या परीक्षेस बसण्यासाठी ३५ तासांच्या प्रशिक्षणाबरोबरच प्रकल्पाचे नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि मेंटेनन्समधील माझी नऊ वर्षे त्यात बसत नव्हती. क्लासने हे फी घेण्याआधी सांगितले नाही. अर्ज भरताना मला ते कळले. नुकतीच पदवी हातात पडलेल्या मुलाने घरच्यांकडून पैसे घेऊन अशा क्लासला जाऊ नये, असे मी कळकळीने सांगतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे कामांचे जाळे आखून क्रिटिकल पाथ, म्हणजे सर्वांत जास्त दिवस घेणारी कामांची वाट, काढणे. ही पद्धत १९५७ मध्ये अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीच्या कामातून आली, हा इतिहास बाजूला ठेवला तरी चालेल; आमच्या कारखान्यात तिने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. १ जुलैपासून तीन वाटा एकाच वेळी सुरू होणार होत्या. प्रेसच्या पायाचे खोदकाम, सळई आणि काँक्रीट यांना १० दिवस, आणि काँक्रीट पूर्ण पक्व होण्यास २८ दिवस, असे ३८ दिवस. पुरवठादाराकडून प्रेस येण्यास ६० दिवस आणि ती उभी करण्यास १२, असे ७२ दिवस. वाढीव वीजभार आणि ट्रान्सफॉर्मर यांना ७० दिवस. सर्वांत लांब वाट ७२ दिवसांची, शेवटी चाचणीचे ६ दिवस, म्हणजे एकूण ७८ दिवस आणि तारीख १६ सप्टेंबर. त्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला होता.

कागदावर हे मांडले आणि सगळ्यांचे लक्ष चुकीच्या ठिकाणी होते, हे दिसले. मालकांचा सारा रोख पायावर होता, कारण पाया डोळ्यांना दिसतो आणि पाऊस आला की काम थांबते. प्रत्यक्षात प्रेस ६० व्या दिवशी येणार असल्याने ३८ दिवसांच्या पायाला २२ दिवसांची मोकळीक होती, तर ज्याचा उल्लेखही बैठकीत होत नव्हता त्या वीजभाराला फक्त दोन दिवसांची. जुलैत पावसाने पायाचे काम नऊ दिवस बंद पडले, तेव्हा दुप्पट मजूर लावून रात्री काम करण्याची सूचना पुढे आली. आमच्या मिस्त्रींचेही मत वेगळेच होते: ‘‘साहेब, काळ्या मातीत घाई केली तं पाया फुगते.’’ मी मालकांना तक्ता दाखवला, १३ दिवस अजून हातात आहेत हे समजावले, आणि तो पैसा वाचला. काळी माती मुरुमापर्यंत काढून, मुरूम दाबून भरून, मगच काँक्रीट टाकले. मोकळा झालेला माणूस मी दर आठवड्याला पुरवठादाराच्या वर्कशॉपमध्ये पाठवला, आणि दुसरा वीजभाराच्या कागदपत्रांमागे लावला.

पुरवठ्याचे ६० दिवसही मी पुरवठादाराच्या तोंडी शब्दावर धरले नव्हते. सगळे सुरळीत झाल्यास ५०, एरवी ५८ आणि अडचणी आल्यास ७८, असे तीन आकडे मी त्याच्या वर्कशॉपच्या फोरमनकडून काढून घेतले. अभ्यासक्रमात शिकवलेल्या पर्ट पद्धतीप्रमाणे मधल्या आकड्याला चारपट वजन देऊन बेरजेला सहाने भागले की साठ येतात. प्रेस अकरा दिवस उशिरा आली, म्हणजे ७१ व्या दिवशी. उशीर झाला तरी तो फोरमनने अडचणी धरून सांगितलेल्या ७८ दिवसांच्या आतच होता, म्हणून कोणाची धावपळ झाली नाही आणि २७ सप्टेंबरला चाचणी संपली. दसऱ्यानंतर पहिल्या गाड्या आल्या तेव्हा १७० किलोची गाठ नव्या प्रेसमधून बाहेर पडत होती.

खर्चाचे नियंत्रण आणि अर्जित मूल्य (झालेल्या कामाची ठरलेली किंमत प्रत्यक्ष खर्चाशी ताडून पाहणे) हा भागही उपयोगी आहे, पण ठेकेदाराची बिले वेळेवर नोंदवली तरच.

काही गोष्टी या अभ्यासक्रमाकडून मिळणार नाहीत आणि त्यांची अपेक्षाही ठेवू नये. स्वाध्याय बहुपर्यायी प्रश्नांचे असतात. उत्तर बरोबर आले म्हणजे तक्ता आखता येईलच असे नाही, तो स्वतःच्या कामावर वहीत आखावा लागतो. भाषा इंग्रजी आहे, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांनी पहिले दोन आठवडे धीर धरावा. आणि साइटचे ज्ञान त्यात नाही. प्रेसला पायाशी जखडणाऱ्या अँकर बोल्टच्या जागा ठरवणारा साचा (टेम्प्लेट) काँक्रीट टाकण्याआधी मी दोरी लावून स्वतः मोजला तेव्हा कर्णात चार मिलिमीटरचा फरक निघाला. तो तसाच राहिला असता तर प्रेसचा बेस बसला नसता आणि आखलेले सगळे दिवस वाया गेले असते. हे पाहण्याची सवय मला मेंटेनन्सने दिली. म्हणूनच मेकॅनिकल अभियंत्याने थेट ‘मॅनेजर’ होण्याच्या मागे लागू नये, आधी यंत्राजवळ काही वर्षे काढावीत, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी गाव सोडून पुण्यालाच गेले पाहिजे असे नाही. चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्रात संच देखभालीसाठी बंद ठेवले जातात, तेव्हा ठरलेल्या दिवसांत शेकडो कामे उरकावी लागतात. तो एक पूर्ण प्रकल्पच असतो आणि अशा कामांत ठेकेदार कंपन्यांना प्लॅनिंग पाहणारा माणूस लागतो. जिनिंग, दालमिल, तेलघाणी यांच्याकडेही दर वर्षी हंगामापूर्वी दुरुस्तीचा काळ असतो. तो काळ तारखा, माणसे आणि खर्चासह स्वतः आखून लेखी ठेवावा, कारण पुढे पीएमपीसाठी ३६ महिन्यांचा अनुभव दाखवताना हीच कागदपत्रे कामी येतात. माझी फाइल आता प्रेसच्या कामापासून सुरू झाली आहे.

नोंदणीचे सत्र चालू नसेल तरी थांबू नये. व्याख्याने यूट्यूबवर खुली आहेत. क्रिटिकल पाथचे आठवडे आधी पाहावेत आणि त्याच संध्याकाळी आपल्या कारखान्यातील एखादे छोटे काम, अगदी एका कन्व्हेयरची दुरुस्ती, आखायला घ्यावे.